चौदा नंबरची शीट

चहाचा शेवटचा घोट चाचा कधी पीत नसत. तो जमिनीवर ओतायचे आणि ओल कुठल्या बाजूला पळते ते बघत उभे राहायचे. वाळूवर ठीक आहे. पण ऑफिसच्या फरशीवर, बँकेच्या पायरीवर, एकदा तर आमच्या मॅनेजरच्या नव्या व्हिलाच्या संगमरवरी ओट्यावर. मॅनेजरची बायको किंचाळली. चाचा वाकून बघत शांतपणे म्हणाले, "मॅडम, रेन कमिंग, वॉटर गोइंग युवर किचन." तिथं पाऊस वर्षातून चार दिवस. त्या फेब्रुवारीत तो आला आणि पाणी किचनमध्ये गेलं.

नव्वदच्या दशकात मी अजमानला एका सर्व्हे कंपनीत लागलो तेव्हा ते तिथले चीफ ड्राफ्ट्समन होते. दापोलीकडचे कोकणी मुसलमान. मेंदीनं लाल केलेली दाढी, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि एक भिंग. शिक्षण सातवी. पीडब्ल्यूडीत सर्व्हेवर खलाशी, म्हणजे मोजणीवाल्यांची साखळी ओढणारा माणूस, म्हणून चिकटले, आणि जबल अलीचं बंदर अजून समुद्रातच होतं तेव्हा इकडे आले. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही. ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणायचे. नावानं हाक कधीच मारली नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी. ई. सिव्हिल. सर्टिफिकेटवर कॉन्सुलेटचा शिक्का मारून आणलेला. कुणी ग्रॅज्युएट म्हटलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची. त्यात टोमणा आहे हे कळायला मला सहा महिने लागले. कळल्यावरही मी मान खाली घेतली नाही. मिळवलेली वस्तू होती, कुणी दिलेली नव्हती.

आमचं काम म्हणजे वाळवंटातल्या शेतांचा नकाशा. किनारा सोडून तासभर आत गेलं की वाळूच्या टेकड्या आणि डोंगर यांच्या मध्ये शेतं लागतात. खजुरीच्या रांगा, लिंबं, जनावरांचा हिरवा चारा, कडेला वारा अडवायला गाफची झाडं. सगळं विहिरींवर. उपसा वाढला तशा विहिरी खारट होत चालल्या होत्या. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी नव्या विहिरी खोदून तिथलं गोडं पाणी पाइपानं पश्चिमेकडच्या शेतांना द्यायचं ठरलं होतं. पंप नाही, नुसत्या उतारावर. त्यासाठी जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा हवा होता. चौदा शीट. दर अर्ध्या मीटर उंचीला एक रेषा. शाळेच्या भूगोलात तिला समोच्च रेषा म्हणतात, आम्ही कंटूर म्हणायचो. शेवटची पाच शेतं चौदा नंबरच्या शीटवर होती. कंटूर चुकला तर पाणी मध्येच थांबणार आणि ती पाच शेतं कोरडी राहणार, इतका साधा हिशेब होता.

चाचा प्रत्येक शेतातल्या विहिरीचं पाणी पिऊन बघत. त्याची नोंद लेव्हलच्या, म्हणजे उंचीच्या आकड्यांच्या वहीत, जिथं शेरा लिहायचा असतो त्या रकान्यात, मराठीत. 'मचूळ.' 'खारट.' 'जरा बरं.' सगळ्यात वरचा शेरा 'चहा चालेल' असा असे. एकदा क्लायंटकडचा इंग्रज इंजिनिअर ती वही घेऊन आला आणि हा काय कोड आहे म्हणून विचारू लागला. उंची ज्या पातळीपासून मोजतात तिला डेटम म्हणतात. चाचा म्हणाले, "कोंकण डेटम, सर." साहेबानं ते लिहून घेतलं.

त्या शेवटच्या पाच शेतांतल्या सगळ्यात टोकाच्या विहिरीपुढे पाच वर्षांपूर्वीची नोंद होती, 'चहा चालेल'. मधल्या एका फेरीत 'मचूळ'. आमच्या वर्षीची नोंद होती, 'थुंकलो'.

रेषा ओढायला बसले की त्यांच्याशी बोलायची बंदी होती. दापोलीहून बायकोचा फोन आला तरी रिसिव्हर टेबलावर पालथा आणि बाई तिकडे ताटकळत. रेषा शीटच्या कडेला पोचली की मग फोन. "मध्ये पेन्सिल उचलली की रेषा विसरते कुठं चालली होती," असं म्हणायचे. आणि नकाशा पुरा झाला तरी त्याला 'बरोबर' म्हणायचे नाहीत. 'अजून तरी चूक सापडली नाही' एवढंच. "बरोबर का चूक ते पाणी सांगेल. आपण कोण?"

सगळ्यात मजेचा प्रकार म्हणजे मोजे. ड्रॉवरमध्ये पांढऱ्या मोज्यांचा एक धुतलेला जोड कायम ठेवलेला असे. काम संपत आलं की सगळी शीट हॉलमध्ये जमिनीवर कडेला कडा लावून अंथरायची आणि चाचा मोजे घालून त्यांच्यावरून चालायचे. डोंगराकडून निघायचे, हात मागे बांधून, हळूहळू, पश्चिमेला. जणू ते स्वतःच पाणी आहेत. नवीन पोरं हसायची. मीही हसलो होतो.

माझी बायको आणि मुलगी अजमानला आल्यावर मी चाचांना जेवायला बोलावलं. दापोलीची आमसुलं घेऊन आले. हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. बघतो तर मगमधलं पाणी फरशीवर ओतून उकिडवे बसलेले. "सूनबाई, ही मोरी उलटी आहे. पाणी दाराकडं येतं." आमची ही दोन महिने वायपरनं पाणी लोटून लोटून दमली होती. ती म्हणाली, "चाचा, एवढं यांना कळलं नाही हो." मुलगी दारात उभी. "बाबा, इज ही अ प्लंबर?" चाचांनी मान डोलावली. "यस बेटी. व्हेरी बिग प्लंबर."

आता चौदा नंबरकडे येतो. ती शीट माझी होती.

उंची मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते. जिची उंची आधीच ठरलेली आहे अशी खूण, तिला बेंचमार्क म्हणतात. टोकाच्या शेतात गाफच्या रांगेजवळ तसा एक काँक्रीटचा ठोकळा होता, वर पितळी बोल्ट. इतका टापटीप बेंचमार्क मी पाहिला नव्हता. चुना लावलेला, भोवती गोल दगड मांडलेले. मी तिथून निघालो, पाचही शेतं मोजली आणि परत त्याच ठोकळ्यावर येऊन थांबलो. फरक चार मिलिमीटर. कॉलेजात असा निकाल आला असता तर प्रोफेसरनं वर्गाला दाखवला असता.

चाचांचा एक नियम होता. निघालास तिथंच परत येऊन पोचलो म्हणायचं नाही. दुसऱ्या बेंचमार्कवर जाऊन थांबायचं. पण दुसरा होता हायवेला, सहा किलोमीटरवर. दिवस ऑगस्टचे. मी म्हटलं, चार मिलिमीटर आलाय, आणखी काय पाहिजे?

कागदावर उतरवताना गोची झाली. तेरा नंबरच्या शीटवरच्या रेषा माझ्या शीटशी जुळेनात. जवळजवळ एका रेषेचा फरक. तेरा नंबर करणारा डिप्लोमावाला होता. मी ठरवून टाकलं की तो चुकला असणार. आणि जे केलं ते सांगतो. शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये माझ्या रेषा वळवल्या आणि त्याच्या रेषांना नेऊन चिकटवल्या. सुंदर चिकटवल्या.

बुधवारी दुपारी शीट अंथरली. शनिवारी द्यायची होती. चाचा मोजे घालून डोंगरापासून निघाले, तेरा नंबर ओलांडला आणि कडेवर एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे ठेवून थांबले. मग खाली बसले. भिंग काढलं.

"ग्रॅज्युएट."

"हां चाचा."

"जमीन कागदाच्या कडेला वळते काय रे?"

मी त्या दोन सेंटिमीटरकडे बघितलं.

"म्हणजे अल्लानं वाळू टाकताना बघितलं, इथं यांची शीट संपते, तेव्हा जरा वळवू या. असं?"

हॉलमध्ये सगळे ऐकत होते. त्यांनी मोजे काढले, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि पिकअपची चावी उचलली. मी मागोमाग. तासभर रस्ता, एसी बंद, काचा खाली. एसीत बसलं की माणसाला चढ कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या डोक्यात बायको, मुलगी आणि नुकताच लागलेला त्यांचा व्हिसा.

टोकाच्या शेताच्या अलीकडे सिमेंटचा हौद होता. तो चौदा नंबरमध्ये. त्याच्यापासून एक पाट निघून शेजारच्या शेतात जायचा, ते शेत तेरा नंबरमध्ये. चाचांनी हौदाच्या भोकातलं फडकं काढलं. पाणी पाटानं निघालं, खजुरींच्या बुडाशी जरा रेंगाळलं आणि तेरा नंबरकडे चालू लागलं.

"आता नकाशा बघ. काय म्हणतोय?"

नकाशा म्हणत होता की तेरा नंबर वर आहे आणि चौदा खाली.

"तुझ्या नकाशात हे पाणी चढावर चाललंय बाबा."

"चाचा, माझा लूप चार मिलिमीटरवर बंद झालाय."

"कुठं बंद झालाय?"

मी ठोकळ्याकडे बोट दाखवलं.

मग शेतावर पडलेली एक पारदर्शक नळी त्यांनी उचलली, हौदात बुडवून भरली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. तेरा नंबरमधल्या पंपाच्या खोलीपाशी ते, चौदामध्ये मी. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर राहतं. मी टोकावर अंगठा दाबून धरला, दोन पावलं चाललो, नळीवर टिचकी मारून बुडबुडे वर काढले आणि मग अंगठा सोडला.

ते तिकडून ओरडले, "हा अंगठा तुला कॉलेजात शिकवला?"

"नाही."

"मग?"

ऑफिसात मी वडील कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहेत असं सांगितलं होतं. उन्हात, हातात ती नळी धरून, मला ते सांगवेना. "वडील गवंडी आहेत. बार्शीला. पाणसळ बघताना दुसरं टोक मी धरायचो."

"दोन वर्षं झाली तुला इथं येऊन. आत्ता सांगतोयस?" ते नळी हातात धरूनच म्हणाले. "अरे, तू तर माझ्यापेक्षा वरच्या घरातला निघालास."

नळी आणि नकाशा यांच्यात चाळीस सेंटिमीटरचा फरक निघाला. अख्खी चौदा नंबर शीट मी खऱ्यापेक्षा चाळीस सेंटिमीटर खाली दाखवली होती.

ठोकळ्यापाशी गेलो तेव्हा शेतावरचा खान आला. पेशावरकडचा, दहा वर्षं त्याच शेतावर. चाचांनी विचारलं, "खान, ये पत्थर को किसी ने हाथ लगाया?"

"जी साहब, हमने लगाया." चेहऱ्यावर अभिमान. "इधर रेत बहुत आता है ना, झाड़ के साथ. पत्थर डूब जाता है. हमने निकाल के ऊपर बिठाया. दो दफ़ा. पानी मार के पक्का किया, चूना लगाया."

"किसने बोला तेरे को?"

"आपने बोला."

चाचांनी वाकून पितळी बोल्टवरून बोट फिरवलं.

"आप ही लगा के गए थे ना साहब, पाँच साल पहले. बोला था, खान, ये पत्थर डूबना नहीं चाहिए, तेरी ज़िम्मेदारी है. डूबने दिया क्या हमने?"

ठोकळा वर आला होता आणि कागदावरची त्याची उंची जुनीच राहिली होती. मला हसू येत होतं आणि रडूही. चाचा मटकन वाळूत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "नहीं खान. तूने ज़बान रखी." मग माझ्याकडे वळले. "वही काढ. लिही. चूक माझी."

"चाचा, चूक माझी आहे. मी हायवेच्या बेंचमार्कला गेलो नाही."

"ती तुझी वेगळी. तीही लिही. आणि रेषा वळवल्यास ना, ती चूक नव्हे. ते खोटं. ते लिहू नको. ते लक्षात ठेव."

लक्षात आहे.

संध्याकाळी मॅनेजरसमोर उभे राहिलो. मॅनेजर लेबनॉनचा, तोंडात कायम सिगारेट. "फॉर्टी सेंटिमीटर? हबीबी, धिस इज डेझर्ट. टुमॉरो विंड कम, फॉर्टी सेंटिमीटर गो. सॅटर्डे सबमिट. खलास."

"साहेब, विंड नॉट गोइंग इन पाइप," चाचा म्हणाले. "वॉटर गोइंग. लास्ट फाइव्ह फार्म, नो वॉटर."

"दॅट इज डिझायनर प्रॉब्लेम."

"नो साहेब. माय साइन, माय प्रॉब्लेम. आय नॉट साइनिंग."

मॅनेजरनं आवाज खाली आणला. म्हणाला, तुझी साठी दोन महिन्यांवर आहे, व्हिसा रिन्यू करायचं माझ्या हातात आहे, विचार कर. चाचांनी विचार केला नाही. ते वळून मला म्हणाले, "ग्रॅज्युएट, उद्या पहाटे पाणी जास्त घे. सहा किलोमीटर जायचं आणि सहा यायचं."

गुरुवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस आम्ही हायवेच्या बेंचमार्कपासून त्या ठोकळ्यापर्यंत लेव्हल नेली आणि परत आणली. नऊ वाजले की वाफेनं मोजणीच्या काठीवरचे आकडे दुर्बिणीत नाचायला लागतात, म्हणून उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि मग चारनंतर. साठ मीटर चालायचं, दुर्बिणीचं तिकाटणं रोवायचं, वाचायचं, उचलायचं. काठी धरायला खान स्वतःहून आला. "पत्थर हमारा है," म्हणाला. चाचांचे गुडघे दुसऱ्या दिवशी सुजले. मी म्हटलं, तुम्ही गाडीत बसा, मी वाचतो. ते म्हणाले, "तू वाच. मी चालणार. न चाललेल्या जमिनीवर मी रेषा ओढत नाही." बरोबरीनं चालले, लंगडत, बाराही किलोमीटर. शुक्रवारी घरी गेलो तर मुलगी नाक धरून म्हणाली, "बाबा, यू स्मेल लाइक अ गोट."

नळीनं चाळीस सांगितले होते. दुर्बिणीनं एकेचाळीस.

मग चौदा नंबरची प्रत्येक उंची सुधारली आणि सगळ्या रेषा पुन्हा ओढल्या. या वेळी त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि शेजारी बसून राहिले. रेषा पुऱ्या झाल्या तेव्हा जिथं मी उतार दाखवला होता तिथं वाळूखाली दबलेला एक जुना उंचवटा निघाला. लांबट, झोपलेल्या उंटाच्या पाठीसारखा. तेरा नंबरच्या डिप्लोमावाल्याच्या रेषांना त्या जशाच्या तशा जुळल्या. मी त्याच्या टेबलाशी जाऊन सॉरी म्हणालो. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही.

नकाशा दोन दिवस उशिरा गेला. शेऱ्याच्या चौकोनात चाचांनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलं की हा बेंचमार्क माझ्या सांगण्यावरून हलला, उंची सुधारली आहे. मॅनेजरनं खोडायला सांगितलं. त्यांनी त्याच ओळीवर सही केली, म्हणजे खोडायचं तर सहीसकट खोडावं लागलं असतं. माझं नाव कुठंच नव्हतं. मी म्हटलं, माझीही चूक लिहा. "तुझी वहीत आहे. नकाशात सगळं मावत नाही."

व्हिसा रिन्यू झाला नाही. वय झालं असं कागदावर होतं. मला विचाराल तर वय त्यांचं आदल्या वर्षीही तेवढंच झालं होतं. दुबई एअरपोर्टवर सोडायला गेलो तेव्हा त्यांनी कागदी कपातला शेवटचा घोट चकचकीत फरशीवर ओतला.

"चाचा, पोलीस बघतोय."

"बघू दे." ते वाकून बघत राहिले. चहा जागचा हलला नाही. "सपाट आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी कुठल्याच फरशीचं ऐकलं नव्हतं.

पाइप टाकून पाणी सुटायला पुढं तीन वर्षं गेली. आमच्या नकाशावरून डिझायनरनं पाइप त्या उंचवट्यावरून न नेता उत्तरेकडून वळसा घालून नेला होता. उद्घाटनाला मलाही बोलावणं होतं. तंबू, कॉफी, खजूर, भाषणं. घरी येऊन मी आधी दापोलीला फोन लावला.

"चाचा, पाणी आलं! पाचही शेतांत!"

पलीकडे पेन्सिल टेबलावर ठेवल्यासारखा आवाज आला. "टोकाच्या शेतात कुठल्या कोपऱ्यातून शिरलं?"

"ते... मी तंबूत होतो."

"चव?"

"चव नाही बघितली."

"मग तू गेलास कशाला? खजूर खायला? जा, बघून ये." आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी बायको-मुलीला घेऊन गेलो. खान तसाच होता, दाढी पांढरी झालेली. ठोकळ्याला ताजा चुना होता. या वेळी तो जागचा हलला नव्हता. रेती आली की खान आता ठोकळा न उचलता भोवतीची रेती उपसत होता. मी सांगितलं तसा त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, जमीन जरा सुकू दिली आणि पुन्हा उघडला. मी बांधावर उकिडवा बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, व्हॉट आर वी वेटिंग फॉर?" बायको तिला म्हणाली, "गप्प बस. बाबा काम करतायत."

पाणी वायव्य कोपऱ्यातून आलं. वळसा घालून, नकाशात जसं यायला हवं होतं तसं. पहिल्या खजुरीच्या आळ्यात उतरलं, ते भरलं, मग दुसऱ्यात गेलं. अर्ध्या तासात टोकाच्या रांगेपर्यंत पोचलं. मी पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरली आणि प्यायलो.

परत येताना हायवेवरच्या पहिल्या फोन बूथपाशी गाडी थांबवली.

"वायव्य," मी म्हणालो.

"हं. आणि?"

"चहा चालेल."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरोबर," चाचा म्हणाले. "लिही. शेऱ्याच्या रकान्यात. आणि खाली तुझं नाव घाल."